चिंधूची पकड

शिट्टी वाजली तरी चिंधूनं पाय सोडला नाही.

खाली पडलेला टिकाराम ओरडत होता. बाकीचे गडी हसत होते. आणि चिंधू डोळे मिटून टिकारामच्या घोट्याला चिकटला होता. शेवटी यादोराव गुरुजी स्वतः मातीत बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“चिंधू, शिटी वाजली का नाही?”

“वाजली जी.”

“मंग काहून धरून राहिला?”

“सोडलं का मानूस जाते जी.”

सगळे गडी खो-खो हसले. गुरुजी हसले नाहीत.

“शिटी वाजली का सोडाचं. चल, पुन्ना.”

चिंधू पंचविशी ओलांडलेला, अंगानं धिप्पाड आणि समजेनं लहान पोर. त्याची आई देवकाबाई शेतात धानाच्या रोवण्याला जाताना त्याला मैदानाच्या कडेला बसवून जायची. एकोडीच्या कबड्डी संघात त्याला कधी कुणी घेतलं नव्हतं. घेतलं ते गुरुजींनी, तेही या श्रावणापासून.

श्रावणातल्या एका सकाळी दोघं तलावातून ओलेचिंब वर आले होते. गुरुजींनी बुडत्या चिंधूला वाचवलं, ही बातमी दुपारपर्यंत साकोलीला पोचली. गुरुजींच्या मनगटावर काळेनिळे वळ होते. बुडणारा माणूस किती घट्ट धरतो, यावर पानठेल्यावर चार दिवस चर्चा झाली. देवकाबाईनं गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा ते मागे सरकले आणि काही बोलले नाहीत. थोर माणूस उपकार बोलून दाखवत नाही, असं लोक म्हणाले. लोकांना असं म्हणायला फार आवडतं.

शिवाय तलाव म्हटल्यावर गुरुजी काय बोलणार? त्यांचा एकुलता एक मुलगा ईश्वर त्याच तलावात गेला होता.

दम वाढावा म्हणून गुरुजी गड्यांना पाण्यात बुड्या मारायला लावत. स्वतः पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभे राहत. शिट्टी वाजली की वर यायचं, त्याआधी नाही. मागल्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, गावच्या जत्रेत, ईश्वर चिखल्याच्या संघासमोर दम तुटून बाद झाला आणि शील्ड गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला एकट्याला तलावावर नेलं. रागाच्या भरात शिट्टी वाजवायला त्यांनी उशीर केला. नंतर ती कितीही वाजवली तरी पोरगा वर आला नाही.

तेव्हापासून जेवताना त्यांचा घास मध्येच थांबायचा.

“काय आयकता जी?” त्यांची बायको शकुबाई विचारायची.

“त्यानं अजून दम धरून ठेवला हाये,” ते म्हणायचे. “माह्या शिटीची वाट पाहून राहिला.”

शकुबाईच्या अंगावर काटा यायचा. म्हणून चिंधू घरात येऊ लागला तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. चिंधू तर गुरुजींची सावलीच झाला. पाळीवरून जाताना तो त्यांचा हात धरी, रात्री त्यांच्याच ओसरीवर झोपे. गुरुजी उठले की तोही उठे. शकुबाई त्याच्या ताटात जास्तीची भाकर वाढी.

“गुरुजीसंगच राहत जा रे बाबा,” ती म्हणे.

मंडई जवळ आली तसा टिकारामनं विषय काढला. “गुरुजी, त्याले बाहीरच बसवा. शिटी झाल्यावर धरून बसला तं पंच हाकलून देईन. चिखलेवाले आपला तमाशा पायतीन.”

“तो सोडाले शिकन.”

“अन् नाही शिकला तं?”

“शिकाच लागन,” गुरुजी म्हणाले. “तो सोडाले शिकला का माह्यं काम झालं.”

देवकाबाईनं हे ऐकलं आणि ती पदरात तोंड घालून रडली. आपलं लेकरू गावासाठी खेळेल, हे तिनं स्वप्नातही आणलं नव्हतं. आता सगळं एका शिट्टीवर अडलं होतं.

संध्याकाळी गडी घरी गेले की गुरुजी चिंधूला थांबवून घेत. आपलं मनगट त्याच्या हातात देत आणि शिट्टी वाजवत. चिंधू मूठ आवळे आणि रडकुंडीला येई. गुरुजी चिडत नसत, पुन्हा वाजवत. धान कापणीला आलं तेव्हा एका संध्याकाळी शिट्टी वाजली आणि चिंधूची बोटं हळूहळू उघडली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याला छातीशी धरलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

मंडईच्या दिवशी मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. अखेरच्या चढाईला चिखल्याचा गडी रेषेकडे झेपावला आणि चिंधूनं त्याचा पाय धरला. गड्यानं बोट बोटभर माती उकरली. दम तुटला. पंचाची शिट्टी वाजली. सगळं एकोडी चिंधूच्या हातांकडे पाहू लागलं.

चिंधूनं पाय सोडला आणि दोन्ही हात वर केले.

मग कोण कुणाला मिठी मारत होतं याचा पत्ता नव्हता. देवकाबाईला बायांनी उचलून धरलं. शील्ड टिकारामच्या डोक्यावर गेली. गुरुजींनी गर्दीतून वाट काढत चिंधूला गाठलं आणि त्याच्या केसांतली माती झटकली.

“आता शिकला तू,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा निवांत दिसला. शकुबाईनं तो लांबून पाहिला आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले.

दिवेलागणीला ती संघासाठी वडे तळत होती. दारात चिंधू येऊन उभा राहिला. अंगावरचे कपडे ओले होते. माती धुऊन आला असेल, असं तिला वाटलं.

“ये बाप्पा, गरम वडा खा. गुरुजी कुठी रायले?”

“काकी, मी सोडलं.”

“पायलं ना रे! साऱ्या मंडईनं पायलं.”

“ते नाही जी, तलावात,” चिंधू म्हणाला आणि हसला. “मांगं मी गुरुजीले सोडलं नोयतं, वढत बाहीर आनलं, तं ते गजब रागावले होते. आज त्यायनं शिटी वाजवली अन् मी बराबर सोडलं.”