बॅगेला हात लावायचा नाही

"बॅगेला हात लावायचा नाही!" थेक्ला कडाडली.

विमानतळावरच्या मेट्रोच्या दारात मदतीला सरसावलेला तरुण दचकून मागे हटला. तोवर त्याने बॅग बोटभर उचलली होती.

"मावशी, दगड भरलेत की काय?"

"माझ्या नवऱ्याला विचार. बॅग त्यानेच भरलीय."

आर्गिरिस ओशाळून हसला. थेक्लाने बॅगेची पुढची चाके उंबऱ्यावर टेकवली आणि गुडघ्याने रेटत ती आत घेतली. ही युक्ती त्यानेच शिकवली होती. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात त्याची उभी हयात अवजड वस्तू हलवण्यात गेली होती. ओझे बळाने उचलू नये, त्याला टेकू शोधावा, एवढे एकच शास्त्र आपल्याला येते, असे तो म्हणत असे.

दोघे समोरासमोर बसले. पिरेअस बंदरापर्यंत गाडी बदलायची नव्हती.

अट थेक्लाची होती. गेल्या वर्षी ती चर्चच्या पायऱ्यांवरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून मुलगा मिनास फोनवर एकच पालुपद लावी, "आई, आता बाल्कनीत बसून जहाजं बघायची." ते ऐकून तिने जाहीर केले होते, विमानतळापासून जहाजाच्या दारापर्यंत स्वतःची बॅग स्वतः ओढत नेईन, आणि तेही दार बंद व्हायच्या आत. नाही जमले, तर समुद्रावरच्या सफरीचा विषय घरात पुन्हा निघणार नाही.

आर्गिरिसला त्या अटीची धास्ती वाटत होती. लग्नात दिलेले सफरीचे वचन त्याने आधी पगारासाठी, मग मिनासच्या शिक्षणासाठी पुढे ढकलले होते. आता ढकलायला फारसे काही उरले नव्हते.

"मांजराला दूध ठेवलंस?" थेक्लाने विचारले.

"वाटीभर."

"पुरेल?"

"पुरेल."

शेवटच्या स्टेशनात लिफ्टपुढे ही मोठी रांग लागली होती. दोन बाबागाड्या, एक चाकांची खुर्ची, आणि सारख्या टोप्या घातलेला पर्यटकांचा अख्खा तांडा. आर्गिरिसने घड्याळ पाहिले. दोन वाजता जहाजाचे दार लागणार होते.

"थांबू या," तो म्हणाला.

"थांबले तर चुकेल." तिने सरकत्या जिन्याकडे पाहिले. पडल्यापासून पायरी म्हटली की ती डोळे मिटून घेई. "परक्या गावात कुणाला सांगशील, माझी बायको घाबरते म्हणून? चल."

तिने बॅग पुढच्या पायरीवर ठेवली, एका हाताने कठडा धरला आणि पाय टाकला. आर्गिरिस दोन पायऱ्या खाली, दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"हात खाली कर," ती मागे न बघता म्हणाली. "येशूसारखा उभा राहू नकोस, लोक बघतायत."

वर आल्यावर उन्हाने डोळे दिपले. एक टॅक्सीवाला आडवा आला.

"जहाज ना? बसा काकू! काका फार कंजूष दिसतात, एवढ्या उन्हात चालवतात!"

"कंजूष तर आहेच," थेक्ला म्हणाली. "पण आज चालण्याची हौस माझी आहे."

बंदराकडचा रस्ता उताराचा होता. बॅग आता मागे राहीना, पुढे धावू लागली. कडू संत्र्याच्या झाडाखाली एक बाक होता. गेल्या खेपेस याच बाकावर बसून थेक्ला रडली होती. आर्गिरिसने त्याकडे पाहायचे टाळले. शेजारची टपरीवाली सुलताना बाहेर डोकावली.

"थेक्ला, या वेळी तरी पोच गं बाई!"

"तुझी दृष्ट लागली नाही तर पोचेन!"

आणि तेवढ्यात बॅगेचे चाक गटाराच्या लोखंडी जाळीत अडकले. थेक्लाने हिसका दिला. चाक आणखी रुतले. समोर पांढरेशुभ्र जहाज उभे होते, आणि त्याच्या दाराशी शेवटचे प्रवासी आत शिरत होते. आर्गिरिसचा हात आपोआप पुढे गेला.

"आर्गिरिस!"

त्याने हात खिशात घातला.

थेक्ला क्षणभर थांबली. मग तिने बॅग हळूच आडवी कलंडवली, जाळीच्या कडेवर टेकवली आणि दांडा खाली दाबला. चाक सुटले. टेकू सापडला होता. पन्नास माणसांना हे शिकवले असेल आर्गिरिसने, पण इतके सफाईदार कुणाला जमले नव्हते.

उरलेली वाट ती जवळजवळ धावली. लंगडत, पण धावली.

दारातली गणवेशातली मुलगी दार लोटण्याच्या बेतात होती. त्यांना पाहून तिने ते धरून ठेवले.

"या मावशी, या! तुमच्यासाठीच थांबलेय. पासपोर्ट काढा."

थेक्लाने दाराच्या चौकटीवर तळहात टेकवला. धाप ओसरेपर्यंत तो तसाच राहू दिला.

"पासपोर्ट घरी आहेत, पोरी. आजची नुसती तालीम होती. ती समोरची गल्ली, बाल्कनीत मांजर बसलंय बघ, तिथं."

मुलीने गल्लीकडे मान वळवली. आर्गिरिसने चष्मा काढून डोळे पुसले.

"बार्सिलोनाहून सुटणाऱ्या जहाजाची तिकिटं आजच काढतो," तो म्हणाला. "विमानाचीही."

"काढ," थेक्ला म्हणाली. "आणि आता विटांच्या जागी कपडे भर."