मेव्हण्याचा दोर

दरडीच्या माथ्यावर दोर एक होता, पहारी दोन आणि कामाची माणसं तीन. त्या तिघांतली दोन एकमेकांशी बोलत नव्हती.

विमा कंपनीच्या तपासनिसाला हे काम सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. बुधा कमरेला दोर बांधून कड्याच्या धारेवर उभा होता. खाली साठ फुटांवर नवा रस्ता होता आणि मधे सुटायला आलेले दगड. दोरावर उतरून ते पहारीनं पाडायचे, हे बुधाचं काम. दोर धरला होता धाकलूनं, त्याच्या मेव्हण्यानं. धाकलू मागं उभा होता, त्याला खालचं दिसत नसे. म्हणून खाली बघून सांगायला कड्याच्या टोकाशी गंगू पालथी पडली होती. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण.

"गंगे, त्याला म्हनावं, दोर ढिला कर," बुधा म्हणाला. धाकलू चार हातांवरच होता.

"दादा, ढिला कर."

"त्याला सांग, आधी गाठ बग म्हनावं. मागल्या खेपंला पोरीच्या येनीसारखी बांदली व्हती," धाकलू तिलाच म्हणाला.

तपासनिसानं लिहायचं थांबवलं. "हे असंच चालतं?"

"असंच," हैबतराव म्हणाला. दरडीचं कंत्राट त्याचं होतं. "मधाच्या पोळ्याच्या वाटनीवरनं बिनसलंय. होळीपास्नं अबोला हाय."

"मग दोराला दुसरा माणूस लावा. बोलणारा."

"दुसरा न्हाई चालायचा, सायेब. ही मानसं मध काडाया कडा उतरत्यात, तवा दोर मेव्हन्याच्याच हातात. दुसऱ्या कुनाचा हात सुटला, तर त्याला चार दिस वाईट वाटंल. ह्येचा सुटला, तर ह्येची बहीन रांडाव हुईल."

"कंपनी नात्यावर पॉलिसी देत नाही, हैबतराव."

हैबतरावला ते माहीत होतं. पॉलिसीशिवाय बांधकाम खातं काम सुरू करू देणार नव्हतं. आणि पॉलिसी नसताना माणूस पडला, तर भरपाई त्याच्या अंगावर येणार होती. म्हणजे धरणाच्या पाण्यातून वाचलेल्या आंबेमोहराच्या तीन खाचरांवर. तरी त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही.

"मग तुमच्या रीतीनं बगा," तो म्हणाला. "मोजा की."

तपासनिसानं पिशवीतून ताणकाटा काढला. सकाळी त्याच काट्याला लटकवून त्यानं बुधाचं वजन केलं होतं, तेव्हा गंगू पोट धरून हसली होती. आता बुधा पहिल्या दगडापर्यंत उतरला, तशी तपासनिसानं एक पहार खडकाच्या भेगेत ठोकून घेतली, तिला काटा अडकवला आणि धाकलूच्या पाठीमागं उरलेला दोर ढील न ठेवता काट्याला बांधला. काट्यावर एक बारीक खूण होती. ओढ पडली की ती सरके आणि आपोआप मागं येत नसे.

"दोर याच्या हातातून जरा जरी घसरला, तरी ओढ पहारीवर येईल," तो म्हणाला. "बुधा वाचेल, पण खूण सरकेल. सरकली, तर मी सही करणार नाही."

"आन न्हाई सरकली तर?"

"तर आत्ता, इथंच."

"सायेब," गंगू मान न वळवता म्हणाली, "कागदावर नाव कुनाचं लिवनार? ह्यांचं का दादाचं?"

"दोघांचं."

"मंग शेजारीशेजारी लिवा. तितं तरी जवळ ऱ्हातील."

तिथूनच पहारीच्या टप्प्यातले दोन दगड सरळ गेले आणि रस्त्यावर आपटून फुटले. तिसरा पहार लावायच्या आधीच सुटला. बुधाचा पाय त्याच दगडावर होता.

गंगूनं तोंड उघडलं, पण शब्द निघायला वेळच मिळाला नाही. दोर धारेवर करकरला. धाकलू मागं झुकला, त्याच्या टाचा मातीत रुतल्या, मानेच्या शिरा वर आल्या. तपासनीस दोर धरायला धावला. हैबतरावनं त्याचा दंड पकडला.

"हात नका लावू. तुमचा काटा बिगडंल."

खाली दगड फुटल्याचा आवाज आला. मग बुधाचा आवाज आला.

"गंगे! त्याला म्हनावं, वर घे. दोर लई काचतुया."

गंगूनं मागं वळून भावाकडं पाहिलं.

"ऐकलं म्या," धाकलू म्हणाला. "त्याला सांग, लई जड झालाय. कुनाच्या वाटनीचा मध खातुया, कुनास ठावं."

बुधा वर आला आणि नडगीवरची माती झटकत बसला. धाकलूनं त्याच्याकडं पाठ केली, उकिडवा बसून दोन्ही तळव्यांना माती चोळली. गंगू दोघांच्या मधे जाऊन बसली. साहेबाचा दंड आपण अजून सोडलेला नाही, हे हैबतरावच्या तेव्हा ध्यानात आलं.

तपासनीस पहारीशी गुडघ्यावर टेकला. चष्मा कपाळावर सारून त्यानं काटा आधी समोरून पाहिला, मग बाजूनं. मग स्वतः ओढून पाहिला; खूण लगेच सरकली. ती त्यानं बोटानं पुन्हा जागेवर आणली आणि पेनाचं टोपण काढलं. आधी अर्जाखाली सही केली. मग वरच्या मोकळ्या जागेत दोन ओळी लिहिल्या.

बुधाचं वजन : एकशे आठ पौंड.

पहारीवर आलेली ओढ : शून्य.