खराब फाइली

नागभीडच्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नीलकंठ नेटवरून प्रोग्रामच्या फाइली उतरवून घेई आणि त्या नीट आल्या की नाही, हे त्याची बायको कुंता तपासे. प्रत्येक फाइलीचा बत्तीस अंक-अक्षरांचा एक हॅश असतो. फाइलीत एक टिंब बदललं तरी तो सगळाच बदलतो. वेबसाइटवरचा हॅश कागदावर छापून घ्यायचा आणि पडद्यावरच्या हॅशशी बोट ठेवून जुळवायचा, हे कुंताचं काम. चार वर्षांत तिची एक चूक झाली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मात्र फाइली खराब यायला लागल्या.

"अजी, हेही नाई जुळत. इथी आठ पाहिजे, तर तीन आहे."

"लाईनच खराब आहे. टेलिफोनवाल्याईले सबूतच नेऊन दाखवतो," म्हणत नीलकंठ ती फाइल एका सीडीवर ठेवून देई.

"दाखवा. म्हणतील, बायकोले कामाले लावलं अन् स्वतः भांडत फिरते."

दिवाळीच्या आधी कुंताच्या डोक्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "फार उशीर झालाय. आधी नजरेत काही फरक जाणवला होता का?"

"नाई जी," नीलकंठ ठामपणे म्हणाला. "आमच्या दुकानातलं बारीक अक्षर कुंताच वाचते."

तिची तेरवी झाल्यावर, तक्रार द्यायला निघण्याआधी त्याने त्या अकरा खराब फाइलींची सीडी लावली आणि पहिल्यांदाच स्वतः बोट ठेवून हॅश जुळवायला बसला.



अकराही फाइली अक्षरन् अक्षर जुळल्या.