पाड्याचा बांबू

बदलापूरच्या आपल्या गॅरेजपुढे माया सकाळपासून जीप तयार करत होती. उद्या बारवी धरणापलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून दिवस भरलेल्या भागीरथीला खाली आणायचं होतं, आणि तिथं रस्ता नव्हताच. चारही चाकं जोर लावतात का ते तपासलं, मागे जाड गादी अंथरली. तेवढ्यात भागीरथीचा बाप सोमा खांद्यावर लांब बांबू घेऊन आला. पाड्यावरच्या आजाऱ्याला याच बांबूला झोळी बांधून खाली आणत. त्याची थोरली लेक झोळीतच अर्ध्या वाटेत गेली होती. “गाडी रुतली तं खांद्यावर आनू,” तो म्हणाला. मायाने करवत उचलली. “काका, रुतली तर याचे तुकडे चाकांखाली घालू. भागी गाडीतूनच खाली येईल.” सोमा बांबूवरून हात फिरवत राहिला. मग त्याने एक टोक पायाखाली घट्ट दाबलं आणि दोराने झिजलेली जागा दाखवली. “झोळीची गाठ बसायची, तिथंच काप.”