कोयता खाली ठेवा

सरकारी वकिलांनी खाकी पाकीट उघडलं आणि कोयता साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुढे धरला. पात्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. मुठीच्या फटीत माणसाचे केस अजून अडकलेले होते.

"हा तुमचाच का, मंजुळाबाई? हातात घेऊन नीट बघा."

मंजुळाबाईंनी हात मागे घेतला. धारेचं हत्यार हातात देऊ नये, भांडण होतं, साहेबांनी ते खाली ठेवावं, असं त्या म्हणाल्या. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. वकिलांनी कोयता टेबलावर ठेवला, मग मंजुळाबाईंनी तो उचलला. हो, त्यांचाच होता. याच कोयत्यानं त्या चाकणच्या चौकात शहाळी सोलायच्या.

आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांचा एकुलता मुलगा उभा होता. गणराज कुरुळीला एका कंपनीत कामाला होता. शिफ्ट सुटली की आईच्या हातगाडीवर मदतीला यायचा. मेलेल्याचं नाव संघर्ष, चौकातला दांडगट पोरगा. कंपनीच्या बसमध्ये एका मुलीला तो त्रास देत होता, तेव्हा गणराजनं त्याला चारचौघांत सुनावलं होतं. तो राग संघर्षनं भर दुपारी हातगाडीपाशीच काढला. त्यानं हेल्मेटनं गणराजचं तोंड फोडलं. दात रस्त्यावर पडले. मग छातीवर बसून त्याचा गळा आवळला.

इथपर्यंत समोरच्या पानटपरीवाल्या रंगरावांनी पाहिलं होतं. मग मध्ये एक कंटेनर येऊन ट्रॅफिकमध्ये अडकला. तो सरकला तेव्हा संघर्ष शहाळ्यांच्या टरफलांत पालथा पडला होता. मान अर्धी तुटली होती, सांडलेलं पाणी लाल झालं होतं. गणराज कोयता घेऊन उभा होता. तशी साक्ष रंगरावांनी दिली होती.

गणराज पहिल्यापासून गप्प होता. पोलीस येण्याआधी त्यानं आईला शपथ घातली होती की, विचारतील तेवढंच बोलायचं. आपण जीव वाचवायला मारलं असं कोर्ट मानेल आणि सोडून देईल, असा त्याचा भरवसा होता. पण घाव सगळे मागून, मानेवर बसले होते. छातीवर बसलेल्याला खालचा माणूस मागून कसा मारील, असं सरकारी वकील विचारत होते. संघर्ष उठून निघाल्यावरच गणराजनं त्याला पाठीमागून तोडलं, असं त्यांचं म्हणणं होतं. गणराजच्या वकिलांनी आज सकाळीच मंजुळाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, जन्मठेप टळणं अवघड आहे.

"हत्यार हातात न देण्याची रीत मुलालाही शिकवलीत का?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"शिकवली की. लहान व्हता तवापास्नं. मी खाली ठेवते, मग तो उचलतो."

"त्या दिवशीही असंच झालं?"

"व्हय साहेब. मी खाली ठेवला, त्यानं उचलला."

कोर्टात कुजबुज झाली. गणराजच्या वकिलांनी डोळे मिटले. सरकारी वकील मात्र खूश झाले. कोयता आरोपीच्या हातात कसा आला, ते त्याच्या आईनंच सांगितलं होतं. आता एवढं एकच पक्कं करून घ्यायचं होतं.

"तुम्ही कोयता खाली ठेवलात तेव्हा संघर्ष काय करत होता?"

गणराजनं गज घट्ट धरले. तो आईकडे बघून जोरजोरात मान हलवू लागला. मंजुळाबाईंनी त्याच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग हातातला कोयता त्यांनी वकिलांना दिला नाही, वाकून सावकाश टेबलावर ठेवला.

"काय करनार साहेब? तो माझ्या पोराच्या अंगावरनं बाजूला पडला, हलायचा थांबला, तवाच मी कोयता खाली ठेवला."