एस्तेरचा चेहरा

“चेहऱ्याला मी हात लावणार नाही. सांग त्यांना,” अब्बा म्हणाले.

उमामाने मॅडमकडे वळून झकास इंग्रजीत सांगितलं, “बुधवारपर्यंत होईल!”

नववीत गेल्यापासून तिची जीभ अशी सुसाट सुटली होती. अब्बांना, म्हणजे अमीन रफूगारांना, इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे मस्कतच्या हमरिया भागातल्या त्यांच्या एका गाळ्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी तीच बोलायची. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात या मॅडम मस्कत कायमचं सोडून चालल्या होत्या. त्यांचा भिंतीवर टांगायचा, चित्र विणलेला हातभर पडदा पाचशे वर्षांचा. त्यावर बायबलातली एस्तेर राणी. न बोलावता राजापुढे गेलं तर मरणाची शिक्षा, तरी निघालेली. आणि कसरीने नेमका तिचाच चेहरा खाल्लेला!

अब्बांनी झगा विणला, मुकुट विणला. जुना दोरा कुठला, नवा कुठला, कळू नये असा. चेहऱ्याचं भोक तसंच ठेवलं. माणसाचा चेहरा ते कधीच करत नसत. घरात साधा फोटोसुद्धा नव्हता.

उमामा अभ्यासाला बसली की ते भोक तिच्याकडे बघायचं. अगदी बघायचं! तिने पडदा पालथा घातला, तर पाठीकडूनही बघायला लागलं.

चेहरा नसलेली बाई तिला तशी नवी नव्हती. अम्मी दाभोळला वारली तेव्हा ही दोन वर्षांची. पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता, त्याआधीच गेली. आठवायला गेलं की नुसती ओढणी दिसायची. आत कुणीच नाही.

मंगळवारी तिने सांगून टाकलं. “अब्बा, मी त्यांना हो म्हटलंय.”

अब्बांनी नुसता सुईत दोरा ओवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बुधवारी ती शाळेतून आली, तर पडदा पुरा झालेला. बसकी हनुवटी, एक भुवई जरा वर. राणी कसली, गावाकडची कोणी वाटावी. तेवढ्यात दाभोळच्याच सफूराखाला डबा घेऊन आत आल्या आणि जागीच थिजल्या.

“या अल्ला! पोरी, ही तर तुझी अम्मी!”

बाहेर मॅडमच्या गाडीचा हॉर्न वाजला. उमामा हलेना.

“अब्बा, हा गुनाह ना?”

“हो.” अब्बांनी सुई पुसली. “कयामतीला अल्ला दरडावेल, चेहरा केलास ना, मग आता घाल त्यात जीव.” ते पडद्याकडे बघत राहिले. “दुसरं कोण मला असा हुकूम देणार, बेटा?”