मूठभर कोंबडखत

"मावशी, हात काढा आधी!" कृषी संशोधन केंद्रातल्या मॅडम ओरडल्या, तोवर हौसाबाईच्या मुठीतलं कोंबडखत गव्हाच्या मुळाशी पडलंही होतं.

प्लॅस्टिकच्या त्या गोल घरात, गहू जास्त वाढतो का ते बघायला, नळीनं कर्बवायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडत. पहिल्या वर्षी गहू तिच्या छातीला लागला होता. यंदा, तिसऱ्या वर्षी, तेवढाच वायू मिळूनही खालची पानं पिवळी पडली होती.

"दरवर्षी मुळासकट उपटून वजनाला नेता. मातीत परत काय घालता? नुसत्या हवेवर कोण जगतं, मॅडम?"

"आता तुम्ही मला शिकवणार? माझा प्रयोग नासवलात. उद्यापासून कामावर येऊ नका."

बावीस वर्षं केंद्राच्या शेतात राबलेली हौसाबाई खुरपं ठेवून निघाली.

पुढच्या वर्षी केंद्राच्या शिवारफेरीला, तिथली पिकं बघायला, ती गावातल्या बायकांबरोबर आली. त्या घरासमोर नवा फलक होता. त्यावर पिवळ्या गव्हातल्या एकाच हिरव्यागार ठोंबाचा फोटो होता. तिची मूठ पडली होती, तोच ठोंब. साठीत शिकलेली अक्षरं जुळवत तिनं वाचलं, 'कर्बवायू कितीही मिळाला, तरी जमिनीत नत्र नसेल तर पीक वाढत नाही.'

"काय लिहिलंय गं?" शेजारणीनं विचारलं.

"मला कामावरून का काढलं, ते."